स्पोर्ट्स कारमधले स्वेड: ते का चकाकू लागते आणि कसे जपावे

नव्या स्पोर्ट्स कारच्या सीटवर आणि स्टिअरिंगवर असते त्या स्वेडवरून, म्हणजे बारीक लव असलेल्या मखमलीसारख्या आवरणावरून, बोट फिरवले की मागे एक रेघ उमटते. लव एका बाजूला झुकली की रंग गडद भासतो, उलट बाजूला झुकली की फिकट, आणि या दोन छटा जिथे भेटतात तिथे ती रेघ दिसते. गाडी काही काळ वापरात राहिली की स्टिअरिंगच्या एखाद्या भागावर अशी रेघ उमटेनाशी होते. तिथला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, तळव्याला किंचित चिकटतो आणि तिरप्या उजेडात चकाकतो. बहुतेक मालक हे पाहून स्वेड झिजले असे समजतात आणि एक तर ते बदलून घेण्याच्या विचाराला लागतात, किंवा हाताशी असेल ते रसायन घेऊन घासायला बसतात. प्रत्यक्षात या अवस्थेतले बरेचसे स्वेड झिजलेले नसते, मळलेले असते. मळण्यावर उपाय आहे, झिजण्यावर नाही. आणि मळाकडे दुर्लक्ष केले की तोच पुढे झीज घडवून आणतो. हे का घडते ते कळण्यासाठी आधी हे कापड कसे बनते ते पाहावे लागते.

कापडाची घडण

खरे स्वेड हे चामडेच असते. जनावराच्या कातड्याचा वरचा थर दाट आणि घट्ट, तर आतला थर सैल आणि जाड तंतूंचा असतो. कातडे आडवे चिरून हा आतला थर वेगळा काढतात आणि तो घासून त्याच्यावर लव आणतात. वरचा थर तसाच ठेवून त्यालाच हलके घासले तर जे मिळते त्याला नुबक म्हणतात. या दोन्हींची लव कोलॅजन नावाच्या प्रथिनाची असते. ती पाणी शोषते, भिजल्यावर गडद होते आणि घाईने वाळवली तर कडक होते.

आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये ज्याला सर्रास स्वेड म्हटले जाते ते मात्र बहुतेक वेळा चामडे नसते. खरे स्वेड आढळते ते मुख्यतः मोमो, स्पार्को, ओएमपी यांसारख्या कंपन्यांच्या रेसिंगसाठी बनवलेल्या स्टिअरिंगवर. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या सीटवर, डॅशबोर्डवर आणि छताला जे दिसते ते कृत्रिम मायक्रोफायबरचे कापड असते, आणि त्यातले सर्वांत परिचित नाव अल्कांटारा. जपानमधील तोरे या कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी 1970 मध्ये हे कापड बनवण्याची पद्धत शोधली. 1972 मध्ये तोरे आणि इटलीतील एनी ही तेल कंपनी यांच्या भागीदारीतून त्याचे इटलीतील उत्पादन उभे राहिले, आणि उंब्रिया प्रांतातील नेरा मोंतोरो इथला कारखाना आजही हे कापड बनवतो. तोरेचे अल्ट्रास्वेड हे याच शोधाचे दुसरे अपत्य. मिको या इटालियन कंपनीचे डिनामिका आणि पोर्शे आपल्या गाड्यांत वापरते ते रेस-टेक्स हीदेखील याच जातीची कापडे आहेत. पुढे सोयीसाठी मी या सर्वांना कृत्रिम स्वेड म्हणेन.

अल्कांटारामध्ये साधारण 68 टक्के पॉलिएस्टर आणि 32 टक्के पॉलियुरेथेन असते. ते विणलेले नसते, त्यामुळे त्यात उभा-आडवा धागा शोधूनही सापडत नाही. आधी एक असा तंतू काढतात, ज्याच्या पोटात पॉलिएस्टरचे अनेक अतिसूक्ष्म तंतू दुसऱ्या एका प्लास्टिकमध्ये बुडालेले असतात. असे तंतू एकत्र करून, त्यांत दातेरी सुया वारंवार टोचून, ते एकमेकांत गुंतवतात आणि जाड नमदा तयार करतात. मग त्या नमद्यात पॉलियुरेथेन भिनवतात आणि भोवतालचे प्लास्टिक विरघळवून काढून टाकतात, म्हणजे मागे पॉलिएस्टरचे सूक्ष्म तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे स्पंजासारखे पॉलियुरेथेन एवढेच उरते. शेवटी हा थर आडवा चिरतात, पृष्ठभाग घासून लव उठवतात आणि रंगवतात.

मायक्रोफायबर म्हणवून घेण्यासाठी तंतू इतका बारीक असावा लागतो की त्याच्या 10 किलोमीटर लांबीचे वजन एका ग्रॅमपेक्षा कमी भरेल. पॉलिएस्टरच्या बाबतीत याचा अर्थ सुमारे 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) जाडी असा होतो, आणि कृत्रिम स्वेडमधले तंतू त्याहूनही बरेच बारीक असतात. या कापडाची मऊ ऊब आणि त्याची सगळी दुखणी या बारीकपणातूनच येतात. तंतू जितका बारीक तितके ठरावीक जागेतले तंतूंचे एकूण पृष्ठफळ जास्त, आणि पृष्ठफळ जितके जास्त तितकी तेल आणि धूळ धरून ठेवण्याची जागा जास्त. घरातले मायक्रोफायबरचे फडके काचेवरचा तेलकट डाग ज्या गुणामुळे सहज उचलते, त्याच गुणामुळे स्टिअरिंग आपल्या हातावरचे तेल उचलत असते. फरक एवढाच की फडके आपण धुतो आणि स्टिअरिंग धुवायचे कोणाला सुचत नाही.

मग स्पोर्ट्स कारमध्ये हे कापड वापरतातच का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याची उत्तरे खरोखर चांगली आहेत. लव प्रकाश विखुरते, त्यामुळे डॅशबोर्डच्या माथ्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडत नाही आणि उन्हात रस्ता स्वच्छ दिसतो. वेगाने वळण घेताना शरीर सीटवरून सरकत नाही, आणि रेसिंगचे हातमोजे घातलेल्या हाताला चामड्यापेक्षा स्वेडवर चांगली पकड मिळते. उन्हात ते चामड्याइतके चटका देत नाही, थंडीत तितके गार लागत नाही, आणि वजनाला चामड्यापेक्षा बरेच हलके असते. 1980 च्या दशकात लान्चिया या इटालियन मोटार कंपनीने आपल्या गाड्यांच्या सीटवर अल्कांटारा वापरायला सुरुवात केली आणि तिथून ते वेगवान गाड्यांच्या ओळखीचा भाग बनले. अडचण निर्माण झाली ती पुढे, जेव्हा हातमोज्यांसाठी योग्य असलेले स्टिअरिंग उघड्या हाताने रोज गाडी चालवणाऱ्यांच्या गाडीतही आले.

तेल, घर्षण आणि ऊन

तळव्यांवर घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेल स्रवणाऱ्या ग्रंथी मुळीच नसतात. म्हणजे स्टिअरिंगवर जाणारे तेल तळव्यातून निघालेले नसते. आपण दिवसभरात कपाळ पुसतो, केसांतून हात फिरवतो, खाल्ल्यावर बोटे नुसतीच पुसतो, हाताला क्रीम किंवा सनस्क्रीन लावतो, आणि हे सगळे घेऊन गाडीत बसतो. सॅनिटायझरमधले अल्कोहोल उडून जाते, पण त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात घातलेले ग्लिसरीन हातावरच राहते. पॉलिएस्टरचा स्वभाव पाण्यापासून फटकून राहण्याचा आणि तेलाला जवळ करण्याचा आहे, त्यामुळे हे सगळे लवेवर उतरते आणि तिथेच मुरते. त्वचेच्या तेलातले काही घटक हवेत हळूहळू ऑक्सिडाइझ होतात आणि पहिल्यापेक्षा अधिक चिकट बनतात. त्यावर घामातले क्षार, त्वचेचे सुटलेले कण आणि धूळ येऊन बसते.

आता सुटे तंतू सुटे राहत नाहीत. त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके आडवे पडून एकमेकांना चिकटतात. लव उभी असताना प्रकाश सर्व दिशांना विखुरला जात होता, तो आता सपाट पृष्ठभागावरून एकाच दिशेने परततो. चकाकी म्हणतात ती हीच. इथपर्यंत कापडाने काहीही गमावलेले नसते. पण असा चिकटलेला पुंजका हाताखाली सतत वळत राहिला की बाहेरच्या टोकाचे तंतू तुटू लागतात. तुटलेले तंतू लगेच गळून पडत नाहीत, तर शेजारच्या तंतूंत गुंतून त्यांची बारीक गोळी होते, आणि ती गोळी हाताबरोबर ओढली गेली की आपल्याबरोबर आणखी तंतू उपटून काढते. मळापासून झिजेपर्यंतचा प्रवास असा होतो, आणि त्यात तेल हा मधला दुवा आहे.

कापडाच्या टिकाऊपणाचे जे आकडे सांगितले जातात त्यांत हा दुवा नसतो. मार्टिंडेल चाचणीत कापडाच्या तुकड्यावर ठरावीक दाबाखाली लोकरीचे कापड हजारो वेळा घासतात आणि ते कधी झिजते ते पाहतात. कृत्रिम स्वेड या चाचणीत उत्तम कामगिरी करते, आणि ती कामगिरी खोटी नाही. फक्त ती कोरड्या, स्वच्छ कापडाची आहे. स्टिअरिंगवर होणारे घर्षण ओलसर, तेलकट आणि धुळीने भरलेले असते, आणि त्याची गणना त्या आकड्यात नसते.

सीटच्या बाबतीत शत्रू वेगळा. तिथे उघडी त्वचा फारशी लागत नाही, पण स्पोर्ट्स सीटच्या दोन्ही कडांना शरीर धरून ठेवणारे उंच उंचवटे असतात, आणि गाडी बुटकी असल्याने उतरताना चालक दाराकडच्या उंचवट्यावर बसून, त्यावरून घसरतच बाहेर पडतो. शरीराचे जवळजवळ सगळे वजन तेवढ्या जागेवर येते आणि त्याच वेळी कापड घासले जाते. जीन्सच्या खिशावरचे धातूचे रिव्हेट, कमरपट्ट्याचे बक्कल किंवा मागच्या खिशातली किल्ली यांमुळे जे होते त्याला मळ म्हणता येणार नाही; ती सरळ झीज असते. नव्या गडद जीन्सचा निळा रंग फिकट स्वेडवर उतरतो तो वेगळाच.

उष्णतेचा परिणाम कमी बोलला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पॉलिएस्टर वितळते ते 250 अंश सेल्सिअसच्या पुढे, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत ते वितळण्याचा प्रश्न नाही. मात्र साधारण 70 ते 80 अंशांच्या टप्प्यावर ते ताठपणा सोडून लवचीक होऊ लागते, आणि भर उन्हात काचेखालचा डॅशबोर्ड या तापमानापर्यंत पोहोचू शकतो. या अवस्थेत तंतू दाबलेले असतील आणि तसेच थंड झाले तर त्यांना तो आडवा आकारच कायमचा बसतो, इस्त्रीने घडी बसावी तसा. म्हणून तापलेल्या डॅशबोर्डवर फाइल, चष्म्याची पेटी किंवा फोन ठेवून जाणे स्वेडला महाग पडते. तिथे उमटलेला चौकोन नंतर ब्रशने पूर्ण जात नाही. ऊन रंगही फिका करते, आणि गडद रंगावर ते लवकर दिसते. ओलावा आणि उष्णता एकत्र आली, तर वर्षानुवर्षांत तंतूंना धरून ठेवणारे पॉलियुरेथेनही हळूहळू कमकुवत होते. हा शेवटचा परिणाम सावकाश होतो आणि तो पूर्ण थांबवता येत नाही, पण गाडी सावलीत ठेवल्याने आणि आतले कापड ओले न राहू दिल्याने लांबवता येतो.

मळले की झिजले, हे ओळखणे

ही चाचणी आणि पुढची धुण्याची पद्धत कृत्रिम स्वेडसाठी आहे; खऱ्या चामड्याच्या स्वेडविषयी पुढे वेगळे सांगितले आहे. चकाकणाऱ्या भागाचा कोपऱ्यातला नाण्याएवढा तुकडा निवडावा. स्वच्छ पांढरे फडके पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, तेवढाच भाग हलक्या हाताने पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मग मऊ केसांच्या ब्रशने चारही दिशांनी हळूच विंचरावे. लव थोडीशी जरी उठली, फडक्यावर राखाडी किंवा पिवळट छटा आली आणि बोटाची रेघ पुसटशी उमटू लागली, तर तो मळ आहे आणि नीट धुतल्यावर बराचसा जाईल. फडके स्वच्छ राहिले, ब्रशखाली काहीच हलले नाही आणि पृष्ठभाग पातळ, टणक, टक्कल पडल्यासारखा दिसला, तर तिथली लव संपलेली आहे आणि जगातले कोणतेही द्रावण ती परत आणणार नाही. बहुतेक जुन्या स्टिअरिंगवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात, म्हणून एका ठिकाणच्या निकालावरून सगळ्याचा निवाडा करू नये.

स्टिअरिंग धुण्याची पद्धत

आधी कोरडे काम. मऊ ब्रशने लव उलटसुलट विंचरून आत बसलेली धूळ सैल करावी आणि व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर ठेवून ती ओढून घ्यावी. ही पायरी गाळली तर पुढे ओले केल्यावर धुळीचा चिखल होतो आणि तो लवेत आणखी खोल जातो.

द्रावण म्हणून कृत्रिम स्वेडसाठी किंवा मोटारीच्या कापडासाठी बनवलेला सौम्य क्लीनर घ्यावा. तो नसेल तर कोमट पाण्यात रंग-सुगंध नसलेल्या सौम्य साबणाचे अगदी थोडे थेंब पुरतात. साबण जास्त घेतल्याने सफाई जास्त होत नाही. उलट जो साबण लवेत राहून जातो तो वाळल्यावर स्वतःच चिकट थर बनतो आणि धूळ ओढतो. पुष्कळ वेळा 'क्लीनर लावल्यापासून लवकर मळते' अशी जी तक्रार ऐकू येते तिच्या मुळाशी हा राहिलेला साबणच असतो.

द्रावण स्टिअरिंगवर थेट फवारू नये. ते शिवणीतून आत जाते, खालच्या फोममध्ये साठते आणि बटणांच्या फटींत शिरते. ते फडक्यावर किंवा ब्रशवर घ्यावे, आणि स्टिअरिंगचा वितीएवढाच भाग एका वेळी हाती घ्यावा. ब्रश टेकवून लहान गोलाकार फिरवावा, जोर लावू नये. केसांची टोके लवेत शिरून तंतू सुटे करतील एवढेच त्यांचे काम आहे. थोड्याच वेळात फेसाचा रंग बदलू लागतो आणि काळ्या स्वेडमधूनही मळकट तपकिरी फेस वर येतो. काळा स्वेड असेल तर थोडा सुटा रंगही निघू शकतो, पण मळाचा फेस चिकट आणि तपकिरी असतो, नुसत्या रंगाचा पातळ आणि स्वच्छ काळा. हा फेस तिथेच वाळू न देता लगेच ओलसर फडक्याने टिपावा, प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी समोर आणावी, आणि फडक्यावर काही येईनासे होईपर्यंत साध्या पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसत राहावे. पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असेल तर शेवटचे पुसणे डिस्टिल्ड पाण्याने केलेले बरे, कारण जड पाण्यातले क्षार वाळल्यावर तंतूंना ताठ करतात. फडके पांढरेच असावे, म्हणजे त्याचा रंग कापडावर उतरत नाही आणि मळ किती निघाला हेही दिसते.

यानंतर सर्वांत जास्त संयम लागतो तो वाळवताना. रात्रभर गाडी सावलीत, काचा किंचित उघड्या ठेवून सोडावी. हेअर ड्रायरचा गरम झोत वापरू नये. आडवे पडलेले ओले तंतू गरम हवेत त्याच स्थितीत वाळले तर वर सांगितलेला आकार बसण्याचा प्रकार इथेही घडू शकतो. कापड किंचित ओलसर असताना एकदा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा ब्रश फिरवावा. पहिल्या खेपेला फार सुधारणा दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच कृती पुन्हा करावी, पण एकाच बैठकीत जास्त जोराने घासू नये. वर्षानुवर्षांचा थर एका दुपारी काढण्याच्या हट्टात जितके स्वेड खराब होते तितके रोजच्या वापरातही होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे वारंवार करावे लागू नये अशी इच्छा असेल तर आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेले पांढरे फडके स्टिअरिंगवर फिरवावे आणि वाळल्यावर ब्रश करावा. एवढ्याने घामाचे क्षार आणि ताजे तेल मुरण्याआधी निघून जाते. आणि गाडीत बसण्याआधी हात धुवावेत; तळव्यांना स्वतःचे तेल नसते हे लक्षात घेतले तर या एका सवयीचा प्रभाव किती मोठा आहे ते कळते. सनस्क्रीन किंवा क्रीम लावल्यावर ती पूर्ण मुरेपर्यंत थांबावे. पातळ हातमोजे घालून चालवण्याची तयारी असेल तर त्याहून चांगले काहीच नाही.

काय करू नये

चामड्यासाठी बनवलेले कंडिशनर स्वेडला लावू नये. चामड्याला तेल लागते. स्वेडची सगळी तक्रारच तेलाविषयी आहे. डॅशबोर्ड चमकवणारे सिलिकॉनचे फवारेही याच कारणासाठी दूर ठेवावेत, आणि शेजारच्या प्लास्टिकवर ते वापरायचे असतील तर फडक्यावर घेऊन वापरावेत, कारण हवेत उडालेला फवारा स्वेडवर बसतोच. अॅसिटोन, थिनर यांसारखी द्रावणे पॉलियुरेथेनला फुगवतात आणि तंतूंची पकड सैल करतात. ब्लीच रंग घालवते. कडक केसांचा ब्रश आणि सँडपेपर यांनी लव उठल्यासारखी वाटते खरी, पण ती उठते कारण आपण खालचे तंतू तोडून वर आणलेले असतात, आणि हा साठा मर्यादित आहे.

गोळ्या आल्या असतील तर त्या ओढून काढू नयेत. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारे गोळ्या कापण्याचे छोटे यंत्र जाळी न दाबता वरवर फिरवावे, म्हणजे गोळी कापली जाते आणि मुळे जागेवर राहतात. हे आधी धुऊन, वाळवून मगच करावे, कारण धुतल्यावर काही गोळ्या आपोआप सुटतात.

संरक्षक फवाऱ्यांबद्दल विचारले जाते. पाणी झटकून टाकणारे लेप सीटवर उपयोगी पडतात, सांडलेले पेय टिपायला त्यामुळे वेळ मिळतो. स्टिअरिंगवर मात्र रोजच्या घर्षणाने ते लवकर निघून जातात, आणि जास्त प्रमाणात मारले तर लव कडक करतात. मी स्टिअरिंगवर ते वापरण्याच्या बाजूने नाही.

सीट, छत आणि डाग

सीटची नेहमीची काळजी म्हणजे व्हॅक्यूम, ब्रश आणि अधूनमधून ओलसर फडके. उतरताना दोन्ही पाय बाहेर टेकवून, हाताने दाराची चौकट धरून, शरीर उचलून बाहेर पडण्याची सवय लावली तर कडेच्या उंचवट्याचे आयुष्य कितीतरी वाढते. सीट गरम करण्याची सोय असेल तर आत विजेची जाळी असते आणि छिद्रांचे स्वेड असेल तर पाणी त्या छिद्रांतून सरळ खाली जाते, म्हणून तिथे फडके आणखी घट्ट पिळावे.

काही सांडले तर पहिला अर्धा तास महत्त्वाचा. आधी कोरड्या पांढऱ्या कापडाने टिपावे, घासू नये. सरबत, फळांचा रस अशा साखरेच्या डागांना कोमट पाणी चालते. रक्त किंवा अंडे असेल तर थंडच पाणी घ्यावे, कारण उष्णतेने त्यातले प्रथिन घट्ट होऊन तंतूंना धरते. च्युइंगगम बर्फाने कडक करून मग सोलावे. प्रत्येक वेळी डागाच्या बाहेरून आत पुसत जावे आणि शेवटी एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा सगळा भाग एकसारखा ओलसर करून वाळू द्यावा, म्हणजे पाण्याच्या कडेचे वर्तुळ राहत नाही.

छताला मात्र जितका कमी हात लावावा तितके चांगले. तिथे स्वेड एका पातळ फोमवर आणि साच्यावर गोंदाने चिकटवलेले असते. जास्त ओले झाले किंवा जोराने दाबले तर गोंद सुटतो, कापड लोंबू लागते, आणि लोंबलेले छत ठिकठिकाणी गोंद भरून दुरुस्त केले तर प्रत्येक जागी डाग दिसतो. ब्रश, आणि फार झाले तर पिळलेल्या फडक्याचा एक हलका हात, याच्या पुढे घरी जाऊ नये.

खऱ्या चामड्याच्या स्वेडला यातले पाण्याचे उपाय लागू होत नाहीत. त्याला कोरडा ब्रश आणि स्वेडसाठी मिळणारा खोडरबर चालतो. पाण्याने त्यावर डाग पडतात आणि वाळल्यावर ते आखडते. कापड कोणते आहे याची खात्री नसेल तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे किंवा न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो पटकन शोषला जाऊन ती जागा ठळक गडद झाली आणि वाळल्यावर ताठ लागली तर चामडे समजून वागावे.

कुठे घ्यावे, कधी बदलावे

गाडी निवडताना पर्याय असेल तर स्वेड कुठे लावायचे हा निर्णय कोणत्याही क्लीनरपेक्षा मोठा आहे. छत, काचेच्या कडेचे खांब, डॅशबोर्डचा माथा आणि सीटचा मधला भाग या जागा स्वेडसाठी उत्तम आहेत. डॅशबोर्ड आणि छताला त्वचा जवळजवळ लागतच नाही, आणि सीटच्या मध्यावर शरीर दाबते पण फारसे घसरत नाही. रोज उघड्या हाताने चालवायच्या गाडीत स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि कोपर टेकवण्याची जागा चामड्याची घ्यावी, किंवा आठवड्याच्या फडक्याची जबाबदारी मनापासून स्वीकारावी. फिकट रंग दिसतो सुंदर, पण त्यावर जीन्सचा निळा रंग आणि हाताचा पिवळटपणा दोन्ही लपत नाहीत. वापरलेली गाडी घेताना स्टिअरिंगच्या चकाकीवरून गाडी किती धावली याचा अंदाज बांधू नये. त्या चकाकीवरून आधीच्या मालकाने हात धुतले होते की नाही एवढेच कळते. त्याऐवजी चालकाच्या सीटचा दाराकडचा उंचवटा पाहावा, कारण तिथली झीज प्रत्येक चढ-उताराबरोबर वाढत जाते आणि ती धुऊन लपवता येत नाही.

लव खरोखर संपली असेल तर त्या भागाचे कापड बदलून घेता येते, आणि स्टिअरिंगच्या बाबतीत ते वाटते तितके अवघड नाही. कारागीर जुने कापड उसवून, त्याच मापाचे नवे कापून, हाताने शिवून देतो; पूर्ण स्टिअरिंग बदलण्याची गरज नसते. पण स्टिअरिंग काढण्याआधी बॅटरीची जोडणी सोडून एअरबॅगची यंत्रणा सुरक्षित करणे आवश्यक असते, आणि ते काम त्यातल्या जाणकारानेच करावे. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथली शिवण ठरावीक जोराने उसवावी अशाच दोऱ्याने घातलेली असते. ती साध्या मजबूत दोऱ्याने शिवली तर अपघातात एअरबॅग वेळेत बाहेर येणार नाही. म्हणून सीटचे कापड बदलायला देताना रंग आणि पोत ठरवण्याआधी कारागिराला ही एक गोष्ट विचारावी, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर सीट त्याच्याकडे सोपवू नये.